इंची पाने

परभणीत त्या काळी खासगी मोटारी बोटांवर मोजाव्यात इतक्याच, आणि त्याही अँबॅसिडर नाहीतर फियाट. स्टेशन रोडला इंजिन-पंपाचं दुकान चालवणाऱ्या लिंगराजची कॉर्टिना मात्र साऱ्या गावात एकच होती. कालव्याच्या कामावर आलेला एक इंग्रज इंजिनियर मायदेशी परतताना ती विकून गेला होता. फिकट निळा रंग, आत काळ्या गाद्या, आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक.

हे डिस्क ब्रेकचं प्रकरण लिंगराजला गाडी घेतल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं. इतर गाड्यांच्या चाकात ड्रम असतो. या गाडीच्या पुढच्या चाकामागं लोखंडाची एक चकचकीत तबकडी होती आणि दोन्ही बाजूंनी तिला चिमट्यासारखे धरणारे दोन पॅड. पॅड झिजले तेव्हा लिंगराजनं गाडी जिंतूर रोडच्या लिंबाजीकडं नेली. लिंबाजी ट्रकचा नावाजलेला मिस्त्री, पण त्याचे पाने सगळे मिलिमीटरचे आणि या विलायती गाडीचे नट इंचाच्या मापाचे. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला जो बारका निपल असतो, त्याच्यावर लिंबाजीचा पाना सैल बसला. एकदा घसरला, परत घसरला आणि निपलचे कोपरे गोल झाले. मग त्यानं पक्कड लावली. मग पॅड दाबणारा पिस्टन मागं सारायला पेचकस घातला, तेव्हा आतलं रबर फाटलं.

गाडी घरी नेताना रेल्वे फाटकापाशी लिंगराजनं पाय दाबला तर पेडल थेट खाली गेलं. हँडब्रेक ओढून त्यानं गाडी कशीबशी एका लिंबाच्या बुंध्यापाशी उभी केली. लिंबाजी धावत आला आणि स्वतःच म्हणाला, "मालक, ही गाडी माज्या हातची न्हाई. उगं खोटं कशाला बोलू?"

त्याच संध्याकाळी लिंगराज नागनाथच्या घरी गेला.

नागनाथ कृषी विद्यापीठात, माती तपासायच्या प्रयोगशाळेत सहायक होता. त्याचं गाव बोरीच्या पुढं, कच्च्या रस्त्यावरचं. आईबाप तो लहान असतानाच गेले. थोरली बहीण चांगुणाबाई, तिनंच त्याला वाढवलं, आणि बाबासाहेबांचं नाव घेऊन परभणीच्या वसतिगृहात आणून घातलं. हायस्कुलात तो आणि लिंगराज एका बाकावर बसत. एक लिंगायत व्यापाऱ्याचा मुलगा, एक बौद्ध शेतमजुराच्या घरचा. नागनाथ त्याला गणितं सोडवून द्यायचा, लिंगराज त्याला सायकल शिकवायचा. शाळा सुटली, लग्नं झाली, पण रोज संध्याकाळी दोघं एकमेकांना शोधत यायचे ते काही सुटलं नाही.

"आपुन घरीच करू," लिंगराज म्हणाला.

"आपुन म्हंजे कोण?"

"तू आन् मी. सायबानं दिलेलं गाडीचं पुस्तक हाय. तुला इंग्रजी कळतंय, मला नट-बोल्ट."

"आन् हत्यारं?"

"दुकानात पडलेत की ढीगभर."

नागनाथनं मान हलवली. "ढीगभर नकोत. त्या गाडीला बसतील तेवढीच पायजेत."

म्हणून दोघं रेल्वेनं हैदराबादला गेले. नागनाथनं तयारी करून ठेवली होती. कोपरे गेलेला निपल कागदात गुंडाळून खिशात ठेवला होता. पिस्टनच्या खाचेचं माप पुठ्ठ्यावर कापून घेतलं होतं. राणीगंजच्या बाजारात ते एका म्हाताऱ्या दुकानदारापुढं जाऊन बसले. दाढी पांढरी, हात तेलानं काळे. लिंगराजची नजर लगेच एका मोठ्या पेटीवर गेली. आत मखमल, मखमलीवर लहानाचे मोठे चमचमणारे पाने.

"ये डब्बा शादी में देने का है साब," म्हातारा म्हणाला. "काम का दिखाऊं?"

नागनाथ हसला आणि त्यानं निपल पुढं केला. म्हाताऱ्यानं तो चष्म्यापाशी नेला, चुकचुकला. "किसने मारा इसको?"

मग त्यानं एक नवा निपल काढला आणि एकेक पाना त्याच्यावर बसवून दाखवायला लागला. उघड्या तोंडाचा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. रिंगचा पाना सगळे कोपरे धरतो. "जोर नक्को लगाओ मियाँ, नाप का पाना लगाओ." नागनाथ प्रत्येक पाना बसवून डोळे मिटायचा आणि हलवून बघायचा. जरा जरी खुळखुळला तरी बाजूला. शेवटी एक रिंग अशी बसली की निपल आणि पाना एकाच लोखंडाचे वाटावेत. लिंगराजनं तो हातात घेतला, हलवला आणि मांडीवर ठेवून दिला.

पिस्टन सरळ मागं सारायला सी-क्लॅम्प, म्हणजे स्क्रूचा शिकंजा, हवा होता. लिंगराजनं दणकट बघून उचलला. नागनाथनं पुठ्ठा काढून दाखवला, त्या खाचेत क्लॅम्प जातच नव्हता. मग त्याहून बारीक, पण रुंद तोंडाचा घेतला. पॅड धरणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, खोलल्यावर ब्रेकच्या नळीला लोंबकळत ठेवायचा नाही असं पुस्तकात लिहिलं होतं, म्हणून टांगायला जाड तारेचे आकडे घेतले. एक वायरब्रश. साफ करायला रॉकेल चालेल का, असं लिंगराजनं विचारलं तर म्हातारा अंगावर आल्यासारखा ओरडला, "रबर फूल जाता! इस्पिरिट लो!"

शेवटी त्यानं फडक्यातून एक लांब दांड्याचा पाना काढला. मुठीपाशी आकडे, वर काटा. किती जोर लागला ते सांगणारा पाना.

"आता जोर किती लावला हे पान्यानं सांगायचं व्हय?" लिंगराज म्हणाला. "आपल्या हाताला कळत न्हाई का?"

"हाताला नुसतं वाटतं," नागनाथ म्हणाला.

तोही घेतला. हातोडा मात्र नागनाथनं घेऊ दिला नाही. जवळ असला की मारावासा वाटतो, म्हणाला. निपलमधून निघणारं तेल बाटलीत सोडायला नळी पाहिजे होती, ती औषधाच्या दुकानात मिळाली. औषधवाल्यानं काळजीनं विचारलं, "पेशंट कौन है?" लिंगराज तोंड पाडून म्हणाला, "गाडी." त्यावर दोघं रस्त्यात येऊन इतके हसले की एक टांगेवाला वळून बघत राहिला.

परतीच्या गाडीत हत्यारं नागनाथच्या पंच्यात बांधून मांडीवर होती. परभणी जवळ आली तेव्हा लिंगराज म्हणाला, "ही तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. दुकानात ठेवली तर आज एक जण पंप खोलायला नेईल आन् उद्या तोंड मोडून आणील. या गाडीला दुसरा पाना लावायचा न्हाई. आन् तुज्याबिगर खोलायची न्हाई."

"आन् तुज्याबिगर मी कशाला खोलू? गाडी तुजी."

नागनाथनं हत्यारांसाठी पत्र्याची एक लहान ट्रंक घेतली. ती त्याच्या बाजेखाली राहू लागली. प्रत्येक पान्याला तेलाचं बोट, मग फडकं. त्याची बायको कुसुमबाई म्हणायची, "लेकरावानी निजवायलेत बघा."

काम लिंगराजच्या वाड्यासमोरच्या अंगणात चालायचं. विटांवर गाडी चढवायची नाही, वीट कधी फुटेल सांगता येत नाही, म्हणून लोखंडी अँगलच्या दोन घोड्या करून घेतल्या होत्या. त्यांच्यावर गाडी टेकवली की चाकं निघायची. पॅड बदलून झाले की लिंगराज आत सीटवर बसायचा आणि नागनाथ खाली निपलपाशी आडवा व्हायचा. खालून आवाज यायचा, "दाब." वरून, "दाबलं." "धर." "धरलंय." मग पाना जरासा फिरायचा, नळीतून तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाटलीत जायचे. "आता सोड." दोघांतल्या एकानं जरी घाई केली तरी हवा परत आत शिरते. पहिल्या वेळी दुपार गेली. नंतर नंतर त्यांना बोलावंही लागेना.

लिंगराजची बायको मल्लम्मा चहा घेऊन अंगणात यायची. लिंगराजचे वडील मन्मथअप्पा ओसरीवर बसून बघायचे. काम अंगणातलं, त्यामुळं नागनाथनं घरात यायचं की नाही हा प्रश्न कधी निघालाच नाही. नागनाथच्या ते ध्यानात होतं. लिंगराजच्याही असावं.

पहिलं काम झाल्यावर लांबची फेरी मारून बघायची ठरली. "कुठं जायचं?" नागनाथनं विचारलं. लिंगराज म्हणाला, "आक्काकडं."

चांगुणाबाई गाडी बघून गडबडून गेली. तिचा नवरा तात्याराव गाडीभोवती हात मागं बांधून फिरत राहिला. लिंगराजनं आक्काला पुढच्या सीटवर बसवलं आणि नदीपर्यंत नेऊन आणलं. ती सारखी गादीवरून हात फिरवत होती. "लय मऊ हाय रे. निजावं वाटायलंय." परतल्यावर तिनं चुलीपुढं दोन ताटं केली. ज्वारीची भाकरी, अंबाड्याची भाजी, वर लसणाची फोडणी. लिंगराज पोटभर जेवला, आणि अजून एक भाकरी मागून घेतली. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाला, "नाग्या, घरी बोलू नको हां. अप्पाचा सोभाव तुला ठाऊक हाय."

"न्हाई बोलत," नागनाथ म्हणाला. त्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही. जेवला हेच त्याला मोठं वाटलं होतं.

असेच दिवस गेले. दर पावसाळ्याआधी गाडी घोड्यांवर चढायची, उतरायची.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जुलैच्या शेवटी मुंबईत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, आणि मराठवाडा पेटला. परभणीत दुकानं बंद झाली, एसटी उभ्या राहिल्या. खेड्यांतून बातम्या यायला लागल्या. कुठं विहिरीत घाण टाकली, कुठं वस्ती जाळली. नागनाथ प्रयोगशाळेतून येऊन दारात बसून राहायचा. लिंगराज संध्याकाळचा आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. बंद आहे, माणूस कसा येईल, असं नागनाथ कुसुमबाईला म्हणाला.

मग एका सकाळी गावाकडचा भुजंग दारात येऊन उभा राहिला. तो रानारानानं चालत आला होता. पाय चिखलानं भरलेले. कुसुमबाईनं पाणी दिलं तेव्हा तो बोलला.

"नागूभाऊ, आपली आळी पेटवली. सगळे पळाले. चांगुणाआक्का शेळी सोडायला माघारी गेली, वरचं छप्पर अंगावर आलं. शेळी सुटली. आक्का लय भाजली. दाजी तिला घेऊन ज्वारीत बसलेत."

नागनाथनं बाजेखालची ट्रंक बाजूला सारून मागची धुतलेली चादर ओढून काढली, खांद्यावर टाकली आणि निघाला. बैलगाडीचा विचार त्याच्या मनात आलाच नाही. भाजलेल्या बाईला त्या रस्त्यानं कशानं आणायचं, याचं एकच उत्तर त्याला ठाऊक होतं.

लिंगराज ओसरीवर होता. शेजारी मन्मथअप्पा, आणि समोर गल्लीतले दोन व्यापारी. गाडीच्या पडवीचं दार लावलेलं होतं. नागनाथला बघून बोलणं थांबलं.

"लिंगराज, गाडी पायजे. आक्का भाजलीय. अजून रानातच हाय."

लिंगराज उठला. पायरीवरून एक पाय खाली टाकला आणि तिथंच थांबला. त्याचा चेहरा उतरला. व्यापाऱ्यांतला एक जण हातातल्या सुपारीकडं बघत होता. मन्मथअप्पांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, एवढंच.

"गाडी..." लिंगराज म्हणाला. "नाग्या, ब्रेक खोललेत रे गाडीचे. पुढची दोन्ही चाकं काढून ठेवलीत."

नागनाथ त्याच्याकडं बघत राहिला.

"कवा?"

"कालच. काल दुपारी खोलले."

रिंगचा पाना, सी-क्लॅम्प, तारेचे आकडे, जोर सांगणारा पाना, सगळं आत्ता, या घटकेला, नागनाथच्या बाजेखाली होतं. ती ट्रंक त्यानं अर्ध्या घटकेपूर्वी स्वतःच्या हातानं सरकवली होती. लिंगराजला त्याचं भानही नव्हतं. जे पहिलं सुचलं ते तो बोलून बसला होता, आणि त्याला सुचलं ते हे.

दाराच्या चौकटीशी मल्लम्मा उभी होती. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"बरं," नागनाथ म्हणाला. तो वळला आणि चालायला लागला. गल्लीच्या टोकापर्यंत त्याला वाटत होतं की मागून हाक येईल. हाक आली असती तर तो थांबला असता, काही एक न विचारता गाडीत बसला असता.

बोरीपर्यंत तो सायकलवर गेला. पुढं चिखल होता, तिथं सायकल एका ओळखीच्याच्या दारात टाकून पायी गेला. गावाच्या अलीकडं एका शेतकऱ्यानं, भगवानरावनं, त्याला अडवलं. नागनाथ मनातून चरकला. पण भगवानराव म्हणाला, "मास्तर, रस्त्यानं जाऊ नका. ओढ्यानं या. माजी गाडी जुंपून ठेवतो, तुमची बहीण भाजली असं कळलंय." नागनाथ मास्तर नव्हता, पण शिकलेल्या माणसाला तो तेच म्हणायचा.

ज्वारी कमरेला आली होती. तात्याराव पिकात बसला होता, आणि त्याच्या मांडीवर चांगुणाबाईचं डोकं होतं. पाठ आणि एक हात भाजून गेला होता. त्यानं ओलं धोतर तिच्यावर घातलं होतं, तेही वाळत आलं होतं. ती शुद्धीवर होती. नागनाथला बघून तिनं आधी विचारलं, "तू जेवलास का?"

भगवानरावनं गाडीत कडबा पसरला, वर चादर घातली. तिला पालथं निजवलं. गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळायची आणि प्रत्येक वेळी ती दात आवळायची. नागनाथ शेजारी बसून तिचं कपाळ धरून होता. ओढ्याच्या चढावर ती म्हणाली, "नागू, लिंगराजची गाडी आली असती तर गादीवर पडून गेले असते रे."

तात्यारावनं मान वर केली. त्यालाही तेच विचारायचं होतं.

नागनाथ म्हणाला, "त्याच्या गाडीचे ब्रेक खोललेत आक्का. चाकं काढून ठेवलीत."

"अगं बाई." तिनं डोळे मिटले. मग उघडले. "तुज्याबिगर खोलले व्हय त्यानं?"

"व्हय."

"वेडाच हाय. त्याला सांग, तू नसताना असं खोलत बसू नको म्हणावं. गाडी अंगावर पडती एखाद्या टायमाला. हात जपून म्हणावं." थोड्या वेळानं परत म्हणाली, "मग तो तरी काय करील बिचारा."

नागनाथनं तोंड दुसरीकडं केलं.

बोरीला पोचेस्तोवर दिवस कलला होता. तिथून एका ट्रकवाल्यानं पाठीमागं जागा दिली. सरकारी दवाखान्यात तिला भरती केली. कुसुमबाई तिच्या उशाशी बसायची, तात्याराव बाहेर व्हरांड्यात. आठवडा उलटायच्या आत चांगुणाबाई गेली. नागनाथनं डॉक्टरला एकच विचारलं, आधी आणलं असतं तर? डॉक्टर तरुण होता, दमलेला होता. म्हणाला, "सांगता येत नाही." तो 'नाही' म्हणाला असता तर नागनाथला झोप लागली असती, आणि 'हो' म्हणाला असता तर निदान रागावता आलं असतं.

तात्यारावला घर राहिलं नव्हतं. नागनाथनं त्याला आपल्याकडंच ठेवून घेतलं. म्हातारा दिवसभर दारात बसायचा. गावाकडं चला म्हटलं की उठून आत जायचा.

पाऊस ओसरला, बाजार उघडला, लोक एकमेकांशी पुन्हा बोलायला लागले. एका रविवारी नागनाथनं बाजेखालची ट्रंक काढली, डोक्यावर घेतली आणि लिंगराजच्या अंगणात नेऊन ठेवली. लिंगराज दुकानात होता. ओसरीवर मन्मथअप्पाही नव्हते. मल्लम्मा धान्य वाळत घालत होती.

"वैनी, हत्यारं आणलीत. त्याला द्या."

मल्लम्मा उठून आली. तिनं झाकण उघडलं. पंच्याची गाठ सोडली. पाने फडक्यात गुंडाळलेले जसेच्या तसे होते. ती बघत राहिली. मग तिचा हात थांबला.

"भाऊ, हे तुमच्याकडंच असतंय?"

"हैदराबादहून आणल्यापासून."

"त्या दिशीबी?"

मल्लम्मा ट्रंकेजवळ खाली बसली. म्हणाली, "गाडीची किल्ली माज्या पदराला होती. सकाळीच त्यांनी मला देऊन ठेवली, कुणी मागायला आलं तर सापडत न्हाई म्हणून सांगायला. मला वाटलं दुसरं कुणी येईल." तिनं डोळे पुसले नाहीत. "आक्का मला कदी भेटल्या न्हाईत. त्यांच्या हातची भाजी लय चांगली, एवढं हे एकदा बोलले होते."

नागनाथला हे ठाऊक नव्हतं. घरी बोलू नको म्हणणाऱ्या लिंगराजनं बायकोला तेवढं सांगितलं होतं. ते ऐकून त्याला जास्तच लागलं. तो तसाच माघारी फिरला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लिंगराज प्रयोगशाळेपाशी आला. गाडी घेऊन आला नव्हता. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी तुटलेली. बाहेर कवठाच्या झाडाखाली दोघं उभे राहिले. थोड्या अंतरावर बाकावर तात्याराव डबा घेऊन बसला होता. नागनाथचा डबा आणून द्यायचं काम त्यानं आपणहून घेतलं होतं.

"तुला तवाच कळलं होतं," लिंगराज म्हणाला.

"व्हय."

"मग बोलला का न्हाईस? चारचौघात माज्या तोंडावर थुंकायचं होतंस."

"आक्का रानात होती. मला थुंकायला टाइम नव्हता."

लिंगराजनं दोन्ही हात तोंडावर धरले. बोटांमधून बोलला, "ओसरीवरचे ते दोघं तेच सांगायला आले होते नाग्या. कुणी गाडी दिली तर गाडीबी जाळतील, दुकानबी जाळतील. अप्पा म्हणले, तू घराचा विचार कर. मला भ्या वाटलं. लय भ्या वाटलं."

"तेच म्हणायचं होतंस," नागनाथ म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "मला भ्या वाटायलंय म्हणायचं होतंस. न्हाई देत म्हणायचं होतंस. मी समजून घेतलं असतं, नसतं घेतलं तर शिव्या देऊन गेलो असतो. पण तू ब्रेकचं सांगितलंस. सगळ्या दुनियेत आपल्या दोघांचं म्हणून जे एक होतं, त्याचं खोटं केलंस."

लिंगराजनं तोंडावरचे हात खाली घेतले.

"आक्कानं इचारलं, गाडी का आली न्हाई. मी तुजंच सांगितलं. तिला खरं वाटलं. तिचा निरोप हाय तुला." नागनाथला हे सांगायचं नव्हतं. पण मेलेल्या माणसाचा निरोप आपल्यापाशी ठेवून घ्यायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. "नागू नसताना असं खोलत बसू नको म्हणाली. गाडी अंगावर पडती. हात जपून म्हणाली. तो तरी काय करील बिचारा म्हणाली."

लिंगराज झाडाला धरून खाली बसला. तो लहान पोरासारखा मोठ्यानं रडायला लागला. प्रयोगशाळेच्या खिडकीत दोघं-तिघं येऊन उभे राहिले. शाळेत असताना एकदा मास्तरनं मारलं म्हणून लिंगराज असाच रडला होता, आणि नागनाथनं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. आताही हात ठेवावा असं त्याला वाटलं. त्यानं मनाला सांगून बघितलं. हात उचलला गेला नाही.

"ऊठ," तो म्हणाला. "लोकं बघायलेत. घरी जा."

लिंगराज उठला, तोंड पुसलं. जाताना थांबला. "मी येत जाऊ का संध्याकाळचं?"

"नको," नागनाथ म्हणाला. "तू आलास की मला आक्का आठवंल. तुला बघून आक्का आठवणं, हे मला सोसणार न्हाई."

लिंगराज कृषी विद्यापीठाच्या लांबलचक रस्त्यानं चालत गेला. त्या दिवाळीत त्यानं गाडी नांदेडच्या एका माणसाला विकल्याचं नागनाथच्या कानावर आलं. त्यानंतर ते दोघं बाजारात, स्टेशनवर, लग्नाच्या मांडवात अनेकदा एकमेकांना दिसले. लिंगराज थांबायचा. नागनाथ मान हलवायचा आणि पुढं जायचा. घरी आल्यावर त्या दिवशी तो जेवायचा नाही. कुसुमबाईला कळायचं, ती काही विचारायची नाही.

पण त्या दुपारी, लिंगराज नजरेआड झाल्यावर, नागनाथ बाकापाशी आला. तात्यारावनं डबा उघडून ठेवला होता. भाकरी वाळून चालली होती. म्हाताऱ्याची नजर अधू झालेली, त्याला लांबचं माणूस ओळखू येत नसे.

"कोण होतं रे ते? लय रडायलं होतं."

"एका वर्गात होतो आमी," नागनाथ म्हणाला.

"कुणी गेलं का त्याचं?"

"व्हय दाजी."

तात्याराव हळहळला. मग बाकावर थोडा सरकला आणि नागनाथला बसायला जागा केली.